गावात नवं बिऱ्हाड: पाणी, वीज, शाळा आणि रात्रीचा साप

पुण्या-मुंबईहून सातारा-सांगलीच्या तालुक्यांत राहायला आलेल्या तरुण कुटुंबांची पत्रं एवढी आली की या वेळचं सदर त्यांच्यासाठीच ठेवलं आहे. बहुतेकांची मुलं लहान आहेत, तेच डोळ्यांपुढे ठेवून उत्तरं दिली आहेत. लांबलेली पत्रं थोडक्यात छापली आहेत.

प्रश्न: आम्ही चौघं. मुलं पाच आणि दोन वर्षांची. नळाला तिसऱ्या दिवशी तासभर पाणी येतं, तेही बारीक धारेनं. घरमालकांची बोअर आहे, पण त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही. टाकी केवढी घ्यावी? आरओ बसवावा का? (एक आई, खानापूर तालुका)

आधी हिशेब. बादलीनं अंघोळ, भांडी, कपडे आणि संडास धरून माणशी रोज साधारण 100 लिटर लागतात. चौघांचे 400, म्हणजे तीन दिवसांचे 1200. पण पाइप फुटला किंवा वीज गेली की एखादी पाळी चुकतेच. म्हणून 2000 लिटरची सोय करा: जमिनीवर 1000 ची एक टाकी आणि छतावर 1000 ची दुसरी. पाण्याला दाब नसेल तर ते थेट वर चढणार नाही. खालची टाकी नळावर भरायची आणि अर्ध्या एचपीच्या मोटरनं वर चढवायची.

छतावर टाकी ठेवण्याआधी छत बघा. भरलेली 1000 लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन. पत्र्याच्या किंवा माळवदाच्या घरावर ती ठेवूच नका. स्लॅब असेल तर जिथं खाली भिंत किंवा बीम आहे तिथंच ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको.

धार बारीक म्हणून नळालाच मोटर जोडायची, हे गावोगाव चालतं. तुम्ही करू नका. तो नियमभंग आहे आणि शेजाऱ्यांचं पाणी तुटतं, हे तर आहेच. त्याहून वाईट म्हणजे मोटर पाइपातून पाणी ओढते तेव्हा पाइपाच्या फटींतून गटाराचं पाणीही आत खेचलं जातं. पावसाळ्याच्या तोंडाला गल्लीत एकदम जुलाब सुरू होतात, त्याचं हे एक नेहमीचं कारण. पाणी आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं ते झाडांना सोडा, मग टाकीत घ्या.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी साठवलं असेल तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वापरा. प्रमाण 1000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात ती नीट कालवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओता. खालचा चुना टाकून द्या. अर्ध्या तासानं पाणी वापरायला घ्या. पुडी उघडी राहिली की पावडर सादळते आणि तिचा जोर जातो. मग मापात टाकूनही उपयोग होत नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे क्लोरीन तपासायचं औषध असतं. त्याचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे, रंग बदललाच नाही तर नाही. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन आधीच असतं, त्यामुळे त्यातही हे तपासूनच टीसीएल घाला.

साठवलेल्या पाण्याचा दुसरा धोका डेंग्यूचा. त्याचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून आठवड्यातला एक वार कोरडा दिवस ठरवा. त्या दिवशी बॅरल, हंडे, कुंडीखालच्या ताटल्या, कूलर आणि फ्रिजच्या मागचा ट्रे रिकामे करा आणि आतून घासा. नुसतं ओतून चालत नाही, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. मोठी टाकी रिकामी करणं शक्य नसेल तर झाकण घट्ट बसवा आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला कापड बांधा. ते तोंड हटकून उघडं राहतं.

आता बोअर. फेस न येणं आणि डाळ न शिजणं हे दोन्ही कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे होतं. ते डाळीच्या पेशी घट्ट धरून ठेवतात. शिट्ट्या वाढवण्यापेक्षा डाळ नळाच्या पाण्यात भिजवून त्यातच शिजवा. पण आरओ घेण्याआधी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, नुसतं टीडीएस मीटर लावून ठरवू नका. ते मीटर क्षार सांगतं, जंतू सांगत नाही आणि नायट्रेट किती तेही सांगत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस 500 पर्यंत चांगला धरतात. दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटला मात्र सवलत नाही: लिटरमागे 45 मिलिग्रॅम, त्यापुढे नाही. उसा-द्राक्षाच्या पट्ट्यात खतं जिरून नायट्रेट वाढलेलं असू शकतं. पाणी उकळून ते जात नाही, उलट घट्ट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून देणं धोक्याचं आहे. नायट्रेट किंवा टीडीएस जास्त निघाला तर आरओ घ्या. एरवी साधं यूव्ही पुरतं, कारण आरओ आत घेतलेल्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त बाहेर सोडतो, आणि तिसऱ्या दिवशी पाणी येणाऱ्या घरात ती चैन आहे. घेतलाच तर बाहेर सोडलेलं पाणी फरशी पुसायला आणि संडासाला वापरा.

प्रश्न: मी घरून काम करतो. दिवसातून दोन-तीनदा वीज जाते, संध्याकाळी व्होल्टेज पडतं. गेल्या महिन्यात बल्ब एकदम लखलखले आणि टीव्ही जळाला. इन्व्हर्टर केवढा घ्यावा? (कोरेगाव तालुका)

टीव्ही जळला तो बहुतेक न्यूट्रल तुटल्यामुळे. खांबावरचा न्यूट्रल सुटला की 230 व्होल्टच्या जागी घरात पार 400 पर्यंत येऊ शकतात. बल्ब नेहमीपेक्षा फार प्रखर दिसले, पंखा सुसाट फिरला, की आधी मेन स्विच बंद करा, प्लग नंतर काढा. मग वायरमनला बोलावून मीटरपासून खांबापर्यंतचे जोड घट्ट करून घ्या. मीटरजवळ ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ बसवला तर तो हे काम आपोआप करतो. फ्रिजला वेगळा स्टॅबिलायझर लागेलच.

जुन्या घरात अर्थिंग आहे का ते तपासून घ्या. कित्येक घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेला वायरच नसते. रांगतं मूल घरात असेल तर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, लावा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा वाळतो, त्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता.

इन्व्हर्टरचा हिशेब असा. लॅपटॉप 60 वॅट, राउटर 12, तीन एलईडी मिळून 30 आणि बीएलडीसीचे (कमी वीज खाणारे) दोन पंखे 60, म्हणजे साधारण 160. बारा व्होल्टची 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास देते, पण ती पूर्ण रिकामी करायची नसते आणि थोडी वीज इन्व्हर्टरही खातो. हाती 1200 च्या आसपास राहतात. म्हणजे सात तास. जुने 75 वॅटचे पंखे ठेवले तर तेच पाच तासांवर येतं. त्यामुळे दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा आधी पंखे बदला. रिकामी झालेली बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात. वीज सारखी येत-जात असेल तर ती कधीच पूर्ण भरत नाही आणि दीड-दोन वर्षांत बसते. अशा भागात जास्त करंटनं चार्ज करणारा इन्व्हर्टर मागून घ्या. दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, नळाचं पाणी कधीही घालू नका, आणि बॅटरी मुलांच्या खोलीत ठेवू नका.

फायबर घेताना केबलवाल्याला एकच प्रश्न विचारा: गावाची वीज गेल्यावर तुमच्याकडच्या यंत्राला बॅकअप किती तासांचा आहे? तुमच्या घरी इन्व्हर्टर असून त्याच्याकडे नसेल तर नेट जाणारच. दुसऱ्या कंपनीचं एक सिम जवळ ठेवा आणि त्याचा वेग संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान तपासा. दुपारी तपासून काही कळत नाही.

प्रश्न: आमचं भाड्याचं घर उसाच्या बांधाला लागून आहे. पावसात दोनदा साप दिसला. मुलगी चार वर्षांची. आम्ही जमिनीवर गादी टाकून झोपतो. काय काळजी घ्यावी? (शिराळा तालुका)

आजपासून जमिनीवर झोपणं बंद करा. हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे जीवघेणे विषारी साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यातला मण्यार रात्री फिरतो, घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावा दुखत नाही, सूज येत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, थुंकी गिळता येत नाही. घरातल्यांना वाटतं पित्त झालं. जमिनीवर झोपलेलं माणूस सकाळी असं उठलं तर सर्पदंश धरूनच दवाखाना गाठा. खाटेवर झोपा आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचा. नुसती सोडलेली मच्छरदाणी उपयोगाची नाही.

साप येतो तो उंदीर-बेडकांमागे. सरपण, विटा, पाचट, कोंबड्यांचं खुराडं हे सगळं भिंतीपासून दूर न्या. धान्याच्या कणग्या आणि पोती झाकून ठेवा. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी आणि मोरीच्या तोंडाला बारीक जाळी लावा. अंधारात बाहेर पडताना बॅटरी आणि पायात बूट हवेतच, आणि ते बूट घालण्याआधी झटकून घ्या.

चावलाच तर: पैंजण, जोडवी, अंगठ्या, बांगड्या लगेच काढा, कारण सूज चढल्यावर त्या रुततात. हात किंवा पाय फळकुटाला सैल बांधून हलू देऊ नका. घट्ट दोरी बांधणं, ब्लेडनं चिरणं, तोंडानं चोखणं, बर्फ लावणं यातलं काहीही करू नका. चालवू नका. 108 ला फोन करा. गाडीला वेळ लागणार असेल तर मोटरसायकलवर रुग्णाला मधे बसवून मागून दुसऱ्यानं धरून न्या. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. सरकारी दवाखान्यातली लस या चारही सापांवर चालते. ती मोफत मिळते, आणि मुलाला मोठ्या माणसाइतकाच डोस देतात, कारण विष तेवढंच असतं. "एवढ्याशा पोरीला इतक्या बाटल्या कशाला" म्हणून डॉक्टरांना अडवू नका. काही त्रास दिसला नाही तरी 24 तास दवाखान्यातच राहा.

हे सगळं वेळेवर जमायचं तर एक काम आधीच करून ठेवा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा की रात्री डॉक्टर असतात का, लस असते का, व्हेंटिलेटरसाठी कुठं पाठवतात. शिराळ्याहून ते बहुधा कराड किंवा सांगली-मिरज असेल. तो रस्ता रात्री एकदा जाऊन बघा. आशाताईंचा आणि गावातल्या सर्पमित्राचा नंबर दाराच्या आत लिहून ठेवा. वन विभागाची हेल्पलाइन 1926 आहे. दिसलेला साप मारू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे.

तुमच्या भागात उसात बिबट्याही असतो. ऊसतोड सुरू झाली की तो जागा बदलतो. त्या दिवसांत तिन्हीसांजेला मुलीला एकटं अंगणात सोडू नका.

याच विषयावर माण तालुक्यातून विंचवाबद्दल पत्र आलं आहे. मोठ्या काळ्या विंचवाचा डंख बहुतेक वेळा नुसता दुखतो. छोटा लाल विंचू मुलांसाठी घातक आहे. डंखानंतर दरदरून घाम, उलट्या, लाळ आणि गार पडलेले हातपाय दिसले तर ते हृदयावर परिणाम होत असल्याचं लक्षण आहे. अशा वेळी घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीनं असे रुग्ण वाचतात हे दाखवून दिलं. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची, कारण तिनं रक्तदाब उतरतो. मुलाला आडवं ठेवूनच न्या.

प्रश्न: मुलगा पुण्यात सीबीएसईच्या दुसरीत होता. कराडजवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला घालायचं आहे. जुनी शाळा दाखला द्यायला उशीर करते आहे. मराठीत तो मागे पडेल का?

दाखल्यासाठी प्रवेश अडत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दाखल्याला उशीर झाला या कारणानं नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आणि जुन्या शाळेनं तो लगेच द्यायचा असतो. जन्मदाखला, आधार, दुसरीचं प्रगतिपुस्तक आणि मुलाचा पेन क्रमांक घेऊन जा. हा क्रमांक यू-डायसच्या, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शाळा-नोंदीतला असतो. जुन्या शाळेनं ऑनलाइन नोंद सोडल्याशिवाय मुलगा नव्या शाळेच्या पटावर दिसत नाही. त्यामुळे कागदाइतकाच पाठपुरावा त्या नोंदीचा करा.

मराठीत खरी अडचण येईल ती परिसर अभ्यासात, गणितात फक्त शब्दांची. बेरीज त्याला येते, पण "हातचा", "एकक-दशक" हे शब्द नवे असतात. बालभारतीची दुसरीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवून घ्या आणि सुट्टीत रोज पंधरा-वीस मिनिटं त्यानं मोठ्यानं वाचावं. जोडाक्षरांवर तो अडेल, तिथंच थांबून लिहून घ्या. शाळा सेमी-इंग्रजी आहे का, तेही विचारून घ्या. लहान पटाच्या शाळेत एकच शिक्षक दोन इयत्ता सांभाळतो, म्हणून प्रवेशाआधी अर्धा दिवस वर्गात बसून बघण्याची परवानगी मागा. शाळेच्या पाटीपेक्षा ते शिक्षक महत्त्वाचे.

प्रश्न: तासगावजवळ द्राक्षबागेला लागून राहतो. फवारणीचा वास घरात येतो. बाळ दहा महिन्यांचं आहे.

ऑक्टोबर छाटणीपासून पुढे सगळ्यात जास्त फवारण्या होतात. डाऊनी आणि भुरी या रोगांसाठी ढगाळ हवेत, पावसानंतर तर लागोपाठ. बागाईतदाराला दोष देऊन उपयोग नाही, एका रात्रीत त्याचा माल जातो. त्यांच्याशी ओळख ठेवा आणि ब्लोअर चालवण्याआधी एक फोन करायला सांगा. बहुतेक जण करतात. फोन आला की बागेकडच्या खिडक्या लावा, लंगोट-दुपटी आत घ्या, पाण्याची भांडी झाका, बाळाला पलीकडच्या खोलीत न्या. वारा पडेपर्यंत दोन-तीन तास तसंच ठेवा. संध्याकाळी ओसरी ओल्या फडक्यानं पुसा. झाडलं तर धूळ उडते, आणि रांगणारं बाळ हात तोंडात घालतं. छाटणीनंतर काड्यांना डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात, ते फार तीव्र असतं. त्या दिवशी बाळाला घेऊन बागेत जाऊच नका. औषधांचे रिकामे डबे घरात पाण्याला किंवा धान्याला वापरू नका, कितीही धुतले तरी.

प्रश्न: नवरा कारखान्यात नोकरीला, मी दिवसभर एकटी. बाजार चार किलोमीटर, एसटी दोनदाच. जीव रमत नाही. (फलटण तालुका)

ताई, स्कूटर शिका. बाकीचे सल्ले त्यानंतरचे. लर्निंग लायसन्स आधारवर घरबसल्या ऑनलाइन निघतं, ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. आरटीओची शिबिरं तालुक्याच्या गावीही होतात, तारीख पाहून वेळ घ्या. शिकताना सकाळचा मोकळा रस्ता धरा. गळिताच्या हंगामात संध्याकाळनंतर मुख्य रस्त्यावर जाऊ नका. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागे दिवा नसतो कित्येकदा, आणि ऊस बाजूला लोंबत असतो.

बाळ असेल तर अंगणवाडीत दर महिन्याला वजनाला जा. गावातल्या तुमच्या वयाच्या आया तिथंच भेटतात. शेजारणी पगार विचारतील, दुसरं मूल कधी म्हणतील. त्रास होतो हे खरं, पण इथं ती ओळख करून घ्यायचीच रीत आहे. हसून विषय बदललात तर कुणी राग धरत नाही. तीन-चार महिन्यांनंतरही झोप लागत नसेल, रडू येत असेल, तर संकोच न करता शरीराच्या आजारासारखंच डॉक्टरांना सांगा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

प्रश्न: कागदपत्रांपैकी आधी काय बदलावं? आणि पलूसकडे कृष्णेच्या काठी घर मिळतंय, घ्यावं का?

आधी भाडेकरार, कारण पत्त्याचा पुरावा म्हणून पुढं सगळीकडे तोच लागतो. अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. ग्रामीण भागात नोंदणी फी 500 रुपये, नगरपालिका हद्दीत 1000, मुद्रांक वेगळा. मग गॅस: जुन्या एजन्सीकडून ट्रान्सफरचे कागद घेतल्याशिवाय घर सोडू नका. मतदार यादीसाठी पत्ताबदलाचा नमुना 8 भरा, नव्या मतदाराचा नमुना 6 नाही. एमएच-12 ची गाडी साताऱ्याच्या 11 किंवा सांगलीच्या 10 वर आणायची गरज नाही. राज्य तेच आहे, फक्त आरसीवरचा पत्ता तीस दिवसांत बदलायचा. रेशनचं धान्य मिळत असेल तर ते आधारवर कुठल्याही दुकानातून घेता येतं, कार्ड बदलेपर्यंत अडत नाही.

घराचं म्हणाल तर 2005, 2019 आणि 2021 मध्ये पाणी कुठवर आलं होतं ते घरमालकांना नव्हे, समोरच्या दुकानदाराला विचारा. भिंतीवर रेघ असतेच, रंग दिला असला तरी जुन्या लाकडी दारावर दिसते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 ही धोका पातळी. तुमच्या गल्लीत पाणी किती फुटांना शिरतं हा आकडा तिथल्या प्रत्येकाला पाठ असतो. तो विचारून घ्या. 2019 ला घरात कंबरभर पाणी असेल तर वरचा मजला असल्याशिवाय लहान मुलांना घेऊन तिथं राहू नका. वरचा मजला मिळाला तरी मीटर, इन्व्हर्टर आणि पाण्याची मोटर त्या रेघेच्या वर बसवून देणार का, ते करार करण्याआधी मालकांकडून लिहून घ्या.